बेल वाजवू नये

दयाळू माणसांचा मला फार राग येतो. आधी नव्हता येत. रंगरावांची उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि आमच्या कात्रजच्या सोसायटीला एकाएकी माणुसकीचा उमाळा आला, तेव्हापासून येतो. जो तो दारात उभा राहून मान तिरकी करायचा. 'कसे आहेत आता?' तेही आतल्या माणसाला लख्ख ऐकू जाईल अशा आवाजात. अहो, वाचा गेलीय त्यांची, कान नाही गेले! मग माझ्याकडे वळून, 'तुम्ही किती करता हो त्यांचं! आपण तर बाई हातच जोडतो.' आणि जिना उतरता उतरता, 'काही लागलं तर सांगा बरं का.' हे वाक्य पाठमोरं होऊनच म्हणायचं असतं असा काहीतरी नियम असावा.

कुणाला मी देवी वाटत होते, कुणाला बिचारी. मला बायकोच राहायचं होतं, पण ते कुणी विचारत नव्हतं. आमचा आमोद बंगळूरहून फोन करायचा, 'आई, यू आर ग्रेट!' म्हणायचा, आणि मीटिंग आहे म्हणून ठेवून द्यायचा. ग्रेट म्हटलं की माणसाला दमायची सोय राहत नाही.

मग एक दिवस मी पाटी करून आणली आणि दारावर ठोकली. 'पेशंट बरा आहे. पेशंटची बायकोही बरी आहे. विचारपुशीसाठी बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडले जाणार नाही.' पुण्यात लोक सिग्नल पाळत नाहीत, पण पाटी पाळतात. दुसऱ्या दिवसापासून बेल गप्प झाली. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! आठवडाभर बरं वाटलं. मग घर इतकं शांत झालं की फ्रिजचा आवाज सहन होईना.

खालच्या मजल्यावरची दीपमाला तेवढी चिवट निघाली. यवतमाळकडची पोरगी. आयटीत नोकरी, नवरा चाकणच्या कारखान्यात, कधी दिवसपाळी कधी रात्रपाळी. ती बेल वाजवायची नाही, पण दाराच्या कडीला पिशवी अडकवून जायची. पिशवीत कधी झुणका, कधी सांबारवड्या. त्यांच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पहिल्यांदा मी वडीत सांबार शोधत बसले होते. वड्या छान असायच्या. हाच तर वैताग. नको म्हणावं तर तोंडाला पाणी सुटतं, खावं तर उपकार. डबा घासून, त्यात काहीतरी घालून, ती ऑफिसला गेल्यावर मी तिच्या कडीला अडकवून यायचे. तेवढंच काय ते माझं बाहेर जाणं. एक मजला खाली, एक मजला वर.

बाकी सगळं घरात येत होतं. दळण, भाजी, औषधं, आणि आठवड्यातून एकदा फिजिओथेरपीवाला गंधार. फार शहाणा मुलगा. 'काकू, डावा हात चांगला आहे त्यांचा, जेवू द्या स्वतः. खाली उतरायचा प्रयत्न करू द्या.' मी म्हटलं, 'करू देते की. मग अंथरुणावरचं वरण पुसायला तू येत जा.' हसला आणि व्यायाम देऊन गेला. मी भरवत राहिले. मी भरवलं की पटकन होतं, सांडत नाही, मळत नाही. रंगराव तोंड उघडायचे, मी घास घालायचे. ते माझ्याकडे बघायचे, मी चमच्याकडे.

त्या दिवशी सकाळी दूध बारीक गॅसवर ठेवलं आणि कपड्यांची बादली घेऊन गॅलरीत गेले. मिनिटाचं काम. चादर दोरीवर टाकतेय तोच डोंगराकडून वारा आला आणि मागे दार धाडकन आपटलं. आमच्या गॅलरीच्या दाराचा खालचा बोल्ट सैल झाला होता. दार आपटलं की आपोआप फरशीतल्या भोकात उतरायचा. रंगराव धडधाकट असते तर केव्हाच नीट झाला असता. जन्म महापालिकेच्या पाण्याच्या लायनी आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करण्यात गेला त्यांचा. घरातला नळ कधी टिपकला नाही. मी दार ओढलं, ढकललं, लाथ घातली. ढिम्म.

गॅलरीला लागून हॉलची खिडकी आहे. काच उघडी होती, पण जाळी पक्की, चोर येऊ नये म्हणून मीच हट्टाने जाड गजांची बसवून घेतली होती. जाळीतून रंगराव दिसत होते, हॉलमधल्या कॉटवर, उशीला टेकलेले. माझा फोन त्यांच्या पलीकडे टेबलावर. ते माझ्याकडे बघत होते.

"काही नाही," मी म्हटलं, "दार लागलंय. उघडते आत्ता."

कशाने उघडणार होते, देव जाणे. चौथा मजला. खाली गाड्या, समोर झाडं, आणि त्यापलीकडे हायवेचा आवाज.

तेवढ्यात खालच्या गॅलरीतून दीपमालाने मान वर केली. तिच्या हातात ब्रश, तोंडात फेस. "काऊन हो काकू, एवढा आवाज कशाचा आला? काई झालं का?"

आणि मी म्हणाले, "काही नाही गं. वाऱ्याने दार आपटलं. ऊन खातेय जरा."

मला विचारा, का म्हणालीस असं? तोंडातून गेलं! इतके महिने हेच उत्तर दिलं होतं सगळ्यांना. जीभ सवयीने बोलून मोकळी झाली. दीपमाला "बरं बरं, खा," म्हणाली आणि आत गेली. मी तिथेच उभी राहिले, स्वतःच्या मूर्खपणाकडे बघत. आता लगेच परत हाक मारायची तर काय सांगायचं? आत्ता ऊन खात होते, आता अडकलेय? लाज वाटली. म्हटलं, जरा वेळाने ती कपडे वाळत घालायला येईल, तेव्हा सहज म्हटल्यासारखं सांगू.

म्हणून बादली पालथी घालून बसले. खरं सांगते, आणि हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, मला बरं वाटलं. दार बंद होतं. कुणाला पाणी पाजायचं नव्हतं, कुणाची कूस बदलायची नव्हती, आणि यात माझी काही चूक नव्हती. बिचारं दारच लागलेलं! ऊन पायावर पडलं होतं. मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, असंच राहू दे. थोडा वेळ कुणीच उघडू नका. मग डोळे उघडले तर जाळीपलीकडून रंगराव बघत होते. माझा चेहरा त्यांना दिसला असणार. चाळीस वर्षं बघतायत ते तो चेहरा. मी मान वळवली.

घराच्या पलीकडून, जिन्याकडून लिफ्टचा आवाज आला. 'कृपया दरवाजा बंद कीजिए.' मग पावलं, आमच्या दाराकडे. मी ताडकन उठले. पुढच्या दाराखालच्या फटीत सावली आली, थांबली. आता बेल वाजेल, मी इथून ओरडेन, म्हणजे सुटले! सावली जरा वेळ तिथेच राहिली. कडीला काहीतरी अडकवल्याची खुसखुस झाली. आणि मग पावलं परत गेली. मी "अगं ए!" म्हणून ओरडेपर्यंत लिफ्ट खाली गेलीसुद्धा.

माझ्या पाटीवर एवढा विश्वास कुणी ठेवायला नको होता.

आणि मग वास आला. आधी करपलेल्या दुधाचा, उग्र. पाठोपाठ दुसरा, तो आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेला. दूध उतू जाऊन बर्नर विझला होता. गॅस चालू.

स्वयंपाकघर आणि रंगरावांची कॉट यांच्यात नुसती एक कमान. दार नाही, पडदा नाही. आणि देवघरात सकाळी लावलेली समई अजून तेवत होती की विझली होती, ते मला काही केल्या आठवेना.

"दीपमाला! दीपमाला! अगं वर ये! गॅस सुटलाय! मी अडकलेय, रंगराव आत आहेत!" गळ्याच्या शिरा फुटतील असं ओरडले. सगळ्या गॅलऱ्यांत डोकी आली. येऊ देत! खालून दीपमाला ओरडली, "आली काकू, आली!" आणि मला एकदम आठवलं. गॅसमध्ये बेलच्या बटणाची ठिणगी पुरते. मी गजांना धरून किंचाळले, "बेल वाजवू नका! ऐकलं का, बेल नका वाजवू!"

पण ती येऊन करणार काय? पुढच्या दाराला लॅच. जादा किल्ली तिनेच एकदा मागितली होती, असू द्या काकू, वेळ सांगून येत नाही म्हणून. आमचं आम्ही बघू, असं मी तिला ऐकवलं होतं.

हॉलमध्ये धप्पकन आवाज झाला. रंगराव कॉटवर नव्हते.

"पडले! अगं बाई, पडले!" मी जाळीला तोंड लावलं. ते फरशीवर पालथे, गाल जमिनीला टेकलेला. मला वाटलं, संपलं सगळं. मघाशी मी जे मनात म्हटलं ते देवाने ऐकलं. मग त्यांचा डावा हात पुढे सरकला. पंजा फरशीवर टेकला, डावा गुडघा वळला, आणि सगळं शरीर वीतभर पुढे आलं. उजवी बाजू मागून ओल्या पोत्यासारखी ओढत.

"हलू नका! अहो, हलू नका म्हणते ना! लागेल! माणसं येतायत!"

ऐकलं नाही. वीत वीत करत ते येत राहिले, स्वयंपाकघराकडे नाही, गॅलरीच्या दाराकडे. गॅसच्या बटणापर्यंत त्यांचा हात पोचणार नव्हता, लॅचपर्यंतही नाही. खालचा बोल्ट मात्र जमिनीलगत होता. माझ्या डोक्यात जे शिरलं नव्हतं ते त्या माणसाने पडल्या पडल्या जोखलं होतं. पुढच्या दारावर दीपमाला आणि वॉचमन थापा मारत होते. रंगराव मध्येच थांबले, धापा टाकल्या, खोकले. मी ओरडायची थांबले. माझ्या तोंडून फक्त "या, या," एवढंच निघत होतं, लहान मूल पहिल्यांदा चालताना म्हणतात तसं.

दारापाशी आल्यावर ते मला दिसेनासे झाले. खालून खरखर ऐकू आली. बोल्ट निसटला, परत पडला. पुन्हा खरखर. मग खट्.

मी दार ओढून आत घुसले, त्यांना ओलांडून. गॅस बंद केला. समई विझलेलीच होती. खिडक्या उघडल्या, पुढचं दार उघडलं. दीपमाला रडतच आत आली. "मी आलती ना काकू मघाशी, डबा घेऊन! बोर्ड वाचला अन् परत गेली!" मी तिला धरलं. 'थँक यू' आमच्या पिढीला जड जातं. मी म्हटलं, "वड्या आत आण. आणि ती पाटी काढ आधी." वॉचमनने ती तिथल्या तिथे उपटली.

मग मी रंगरावांकडे वळले. कोपर सोलवटलं होतं, बंडी मळली होती, आणि माझ्या तोंडून आलंच, "कुणी सांगितलं होतं उतरायला?" ते दचकले. खरंच दचकले, मास्तरांसमोर पोर दचकावं तसे. गॅसच्या वासात वीत वीत सरपटत आलेला माणूस माझ्या आवाजाला दचकला.

मी खाली बसले. "अहो, एवढं येतं तुम्हाला? मग इतके दिवस का नाही केलंत?"

त्यांचे ओठ हलले. किती वेळ हलले. दीपमाला काहीतरी सुचवायला गेली, मी तिला हाताने थांबवलं.

"तू," ते म्हणाले. आजारपणानंतरचा पहिला शब्द. मग श्वास घेऊन, एक एक अक्षर ओढत, "रा... गा... वतेस."

माझं रडू आवरलं नाही. आवरायचा प्रयत्नही केला नाही. वॉचमन आणि दीपमाला त्यांना उचलायला वाकले, वॉचमनने काखेत हात घातला. रंगरावांनी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"थांबा," मी म्हटलं. "कुणी हात लावू नका. येतील ते."

ते वळले. डाव्या हाताने फरशी चाचपत कॉटकडे निघाले. मघाशी पडताना कलंडलेल्या तांब्याच्या पाण्यात हात घसरला, हनुवटी आपटली, दीपमालाच्या तोंडून "अव माय!" निघालं. मी स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले. ते कॉटच्या पायापर्यंत पोचले, पाय धरला, अर्धे उठले, आणि परत खाली बसले.

माझे हात मांडीखालीच होते. त्यांनी पुन्हा हात वर नेला.