निळं बटण, दोन वेळा

"आबा, काय झालं हो?"

नूतन ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून धावत आली, तेव्हा कॉम्प्युटरच्या पडद्यावर पांढरे ठिपके गोल गोल फिरत होते आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं, अपडेट चालू आहे, बंद करू नका.

"आपोआप बंद पडलं," जीवराम आबा म्हणाले. ते खुर्चीत ताठ बसले होते, पण नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर होती.

नूतननं आधी घड्याळ पाहिलं. तेजसच्या लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग तिनं पंधरा दिवस डोळे फोडून केलं होतं आणि पहाटे साडेसहाला फिल्म तयार व्हायला लावली होती. जुनं मशीन, सहा तास घेतं. मध्येच बंद पडलं की पुन्हा शून्यापासून सुरुवात. तेजस गावातलाच, फौजेत होता. उद्या सकाळी भुसावळहून त्याची गाडी होती आणि पुढची सुट्टी कधी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. अख्ख्या जामनेरात मिक्सिंग करणारी नूतन एकटीच बाई. लोक "जमेल ना?" म्हणून काम देत आणि जमलं की, नवऱ्यानं केलं असेल, म्हणत. नवऱ्याचं नाव नवीन; तो बिचारा नाशकात कंपनीत. त्याला मोबाईलमधला फोटोसुद्धा आडव्याचा उभा करता येत नव्हता.

आता आबांबद्दल. नूतनचे हे सासरे चौतीस वर्षं विजेच्या एका सबस्टेशनवर ऑपरेटर होते. "माझ्या हातून कधी लाइन गेली नाही," हे वाक्य ते पाहुण्याला पाण्याच्या तांब्याबरोबरच देत. रिटायर झाले आणि राखण करायला काही उरलं नाही. मग त्यांनी पंख्यांच्या बटणांना नंबर दिले, फ्रिजवर सूचना चिकटवल्या, पाण्याच्या मोटारीशेजारी खुर्ची टाकून बसू लागले. घरातल्यांच्या नाकी नऊ आले. म्हणून आज नूतन "आबा, मी स्वयंपाक उरकते, तुम्ही जरा लक्ष ठेवा," म्हणाली, तेव्हा त्यांनी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला आणि ड्यूटीवर बसले.

तिथंच घात झाला. बारा वाजायला वीस मिनिटं असताना मशीन ‘टिंग’ वाजलं. सबस्टेशनात घंटी वाजली की ऑपरेटरनं आधी ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबायचं, मग ‘रीसेट’. हे आबांच्या हाडात मुरलेलं. पडद्यावर चौकट आली होती, तीन बटणं होती, एक चांगलं ठसठशीत निळं. आबांनी दाबलं. मशीननं पुन्हा विचारलं, काम चालू आहे, तरीही? आबांनी तेही दाबलं, आणि इतक्या चटकन घंटी मिटवल्याबद्दल स्वतःवर खूशही झाले. पडदा काळा झाला तेव्हा मात्र त्यांनी घाबरून नूतनला हाक मारली.

नूतननं जळगावच्या प्रेमराजला फोन लावला. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तोच. स्पीकरवर त्याचा आवाज घरभर घुमला.

"ताई, दिवसा काम चालू असताना ते असं स्वतःहून बंद नाही होत. कोणीतरी रीस्टार्टचं बटण दाबलं असेल. आणि एकदा दाबून भागत नाही बरं का, दोनदा विचारतं ते."

"इथं आबा बसले होते प्रेमराजभाऊ. आबा कसे दाबतील? चौतीस वर्षं पॅनलसमोर काढलीत त्यांनी."

"मग राहिलं. आबा असतील तर प्रश्नच नाही."

आबांना वाटलं, त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तोंड उघडायला हवं होतं. उघडलं, आणि त्यातून "पंखा फास्ट करू का?" एवढंच निघालं.

प्रेमराजनं सांगितल्याप्रमाणे नूतननं सेटिंगमध्ये जाऊन अपडेट आठवडाभरासाठी थांबवले आणि एक वाजता पुन्हा फिल्म लावली. तीन वाजता तिला दुसऱ्या एका हळदीच्या शूटिंगला जायचं होतं. जाताना म्हणाली, "आबा, आता काही होणार नाही. पण तुम्ही बसा. तुम्ही असलात की मला धीर असतो."

आबा बसले. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. चार वाजता शेजारच्या तानुबाई विरजण मागायला आल्या. त्यांचं माहेर शिरपूरकडचं, बोली अहिराणी, तोंड फटकळ.

"काय हो आबा, हात दाबीसन का बठेल शेतस? कोनी सजा दिन्ही का?"

"ड्यूटी आहे."

"कसानी ड्यूटी? काही हालत तर नही!"

"हालत नाही तेच बघून राहिलो ना मी!"

तेवढ्यात पुन्हा टिंग. कोपऱ्यात कसलीशी जाहिरातीची चौकट आली. आबांच्या उजव्या हाताला असा काही झटका बसला की डाव्या हातानं त्याला धरून ठेवावं लागलं. घंटी वाजली आहे आणि ऑपरेटर ती स्वीकारत नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. चौकट आपणहून गेली. तानुबाई विरजण विसरून हे नवल गल्लीत सांगायला निघाल्या.

सात वाजता फिल्म झाली. नूतन आली आणि तिच्या मागोमाग तेजस आणि त्याची आई सुगंधाबाई. नूतननं पेन ड्राइव्ह भरून दिला. तेजसनं पहिली दहा मिनिटं तिथंच लावून पाहिली, हळद लावताना रडणाऱ्या आत्याला पाहून खदखदून हसला आणि म्हणाला, "ताई, एक नंबर!"

सुगंधाबाईंचं मात्र बिनसलेलं होतं. "दुपारी देते म्हने अन् आता देऊन राहिली. दिवसभर जीव टांगनीले! मी तं म्हनतच होती, जळगावले द्या. बाईमानसाले या यंत्रातलं काय समजते?"

नूतन खाली मान घालून पिशवीची चेन लावत राहिली. लावलेलीच चेन ती पुन्हा पुन्हा लावत होती.

आबा खुर्चीतून उठले. शर्ट नीट केला.

"सुगंधाबाई, तिचं काम टायमावर होतं. अकरा चाळीसले बटन मी दाबलं. एकदा नाही, दोनदा. वरून तिले खोटं सांगितलं, आपोआप बंद पडलं म्हनून. समजत नाही ते मले, तिले नाही."

सुगंधाबाईंनी पदर सावरला, "होते एखाद्या वक्ती," असं पुटपुटल्या आणि जाताना पुतणीच्या साखरपुड्याची तारीख नूतनला सांगून, त्या दिवशी मोकळी राहा म्हणून बजावून गेल्या.

दोघंच उरले. आबा पुन्हा बसले. आता आयुष्यभराची अब्रू गेलीच होती, त्यामुळे त्यांना एकदम हलकं वाटत होतं.

"नूतन, अजून एक सांगू?"

"सांगा ना."

"लाइनसुद्धा गेली होती. एकदा. पोळ्याच्या दिवशी. चुकीचा स्विच मारला मी. तीन गावांचे बैल अंधारात मिरवले."

नूतननं डोळे मोठे केले. "मग? साहेबांनी काही केलं नाही?"

"रिपोर्टात मी लिहिलं, पॅनलमध्ये पाल शिरली."

"आणि पाल?"

"होती ना. मेलेली. पण ती आदल्या दिवशीच मेली होती."

नूतन हसू लागली ती थांबेचना. खुर्चीची पाठ धरून, डोळे पुसत हसली. आबाही हसले, पण थोडंसंच.

"नवीनले सांगू नको," ते म्हणाले. "तुझ्या सासूलेही, ती होती तोवर, मी कधी सांगितलं नाही. सांगायले पाहिजे होतं तिले."

नूतन हसायची थांबली. तिनं स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसली.