संत्र्याच्या सालीचा कौल

मी पाण्याखालची स्कूटर बोलतेय. रस्त्यावरची नव्हे, मला चाकं नाहीत. पिवळं पोट, मागे पंखा, दोन मुठी आणि एक खटका, एवढाच माझा संसार. खटका दाबला की मी माणसाला पाण्यातून ओढत नेते. सध्या बोनेर बेटाच्या किनाऱ्यालगत, बऱ्याच खोलवर, वाळूत आडवी पडले आहे. बॅटरी संपली, बोलण्याची हौस तेवढी उरली आहे.

जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझं आयुष्य सुरू झालं दुकानात, उबाल्दोने मला उचललं तेव्हा.

उबाल्दो पन्नाशीचा पाणबुड्या. तरुणपणी एकदा खोलातून घाईने वर आला, अंगात हवेचे बुडबुडे धरले आणि डावा पाय लुळा पडला. पुन्हा खोलात गेलास तर जिवाला मुकशील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उथळात जायला मात्र हरकत नव्हती, आणि त्याचं काम उथळातच होतं. दक्षिणेच्या बाजूला त्याने दोऱ्यांवर प्रवाळाच्या फांद्या टांगून रोपवाटिका केली होती. पण एका पायाने पोहत तिथवर पोचेपर्यंत पाठीवरच्या टाकीतली निम्मी हवा संपायची. म्हणून स्कूटर हवी होती.

त्याचा डोळा एका काळ्या, धिप्पाड, भन्नाट पळणाऱ्या स्कूटरवर होता. बायको एर्सिलिया म्हणाली, आधी ती उचल आणि दुकानाला एक चक्कर मार. आमच्याकडे बोटीतून उडी मारायची चैन नाही. किनाऱ्यावरूनच शिरायचं, तेही धारदार खडकांवरून, सगळं ओझं अंगावर घेऊन. उबाल्दो चार पावलांत घामाघूम झाला. मग त्याने मला एका हाताने उचललं. खोटं कशाला बोलू, मला मूठभर मांस चढलं.

मग एर्सिलियाने विचारलं, "मधेच बंद पडली तर कोण कोणाला घरी आणणार?"

"मी हिला आणीन," उबाल्दो हसला. "तू नाही का मला आणलंस, या पायासकट?"

"तू ओरडत होतास म्हणून आणलं, दुशी," ती लाडाने म्हणाली. "ही ओरडणार नाही. हिला सोडून यायचं."

तिने त्याच्याकडून तसं कबूल करून घेतलं, तेव्हाच मला घरी नेलं.

आमचा रोजचा क्रम ठरलेला. एर्सिलिया खडकावर बसून संत्रं सोलायची, फोडी नवऱ्याला द्यायची आणि साल पाण्यात टाकायची. साल वाहील त्याच्या उलट दिशेला आम्ही जायचो. जाताना पाण्याशी भांडायचं म्हणजे येताना तेच आपल्याला घरी आणून सोडतं, ही तिच्या आईची शिकवण. साल उत्तरेला गेली की आम्ही रोपवाटिकेला निघायचो. दक्षिणेला गेली की उबाल्दो कुरकुरत घरी परतायचा आणि मक्याच्या पिठाची फुंची जेवून झोपायचा. परतल्यावर तो मला गोड्या पाण्याने आंघोळ घालायचा. मी पाण्यात जरा वर उचलली जायचे, म्हणून त्याने माझ्या पोटाला शिसं बांधलं, तेही गरजेपेक्षा जास्त. त्याचा हात तसा सढळच.

आमच्या बेटावर वारा वर्षभर जमिनीकडून येतो. त्या सकाळी मात्र तो फिरला आणि नैऋत्येकडून येऊ लागला. एरवी गरीब गाय असलेला आमचा समुद्र खडकांवर आपटत होता. एर्सिलिया म्हणाली, आज नको. उबाल्दोच्या डोळ्यांपुढे तुटलेल्या फांद्या नाचत होत्या. साल टाक, म्हणाला. तिने टाकली, आणि ती उत्तरेला गेली. सालीचा कौल तिला मोडवेना.

साल वाऱ्याने नेली होती. खाली पाणी दक्षिणेला धावत होतं.

आम्ही नुसते उडत गेलो. उबाल्दोने माझी पाठ थोपटली, त्याला वाटलं ही सगळी माझीच करामत. मलाही तसंच वाटलं. त्याने फांद्या बांधल्या, हवेचा काटा निम्म्यावर यायच्या आधीच शहाण्यासारखा मागे फिरला, आणि धावतं पाणी समोरून छातीवर आलं. मी जीव तोडून पंखा फिरवत होते आणि खालचा दगड काही मागे सरकत नव्हता. आमची बाहेर पडायची वाट दिसू लागली, तिथेच मी बंद पडले.

बाकी सगळीकडे लाटा खडकांवर फुटत होत्या. बाहेर निघायला तेवढीच एक फट होती. उबाल्दो तळाचे दगड धरून, हातांनी अंग ओढत पुढे सरकू लागला. मी त्याच्या पट्ट्याला अडकवलेली, मागे लोढण्यासारखी. त्याच्या श्वासाचे बुडबुडे दाट होत चालले. त्याचा हात माझ्या कडीवर यायचा आणि परत जायचा. अरे, सोड ना बाबा, मी मनात म्हणत होते. कबूल केलं आहेस तिला.

शेवटी त्याने कडी काढली. क्षणभर मूठ धरून राहिला. मग सोडली.

शिशाने मला उतारावरून खाली नेलं. जाताना तो फटीकडे सरकताना दिसला, आणि मग दिसेनासा झाला. तो बाहेर निघाला की नाही, हे मला कोण सांगणार? माझ्यावर वाळू चढली, मुठीत एक खेकडा राहायला आला. दिवसरात्र तेवढाच एक विचार.

आणि आज वरून काहीतरी हळूहळू उतरत आलं. संत्र्याची साल, दोऱ्याने खडा बांधलेली. पडता पडता ती दक्षिणेला कलत होती. आता साल खालच्या पाण्यालाही विचारते तर! दोऱ्याची गाठ एर्सिलियाचीच, ती सगळं तशीच करकचून बांधते.

मी वर पाहिलं. उताराच्या कडेवर एक माणूस तरंगत होता, डावा पाय लोंबकळत असलेला. माझा उबाल्दो! जिवंत!

साल बघून झाली तरी तो परतेना. खाली निरखून पाहत होता. मग त्याने डोकं खाली केलं आणि थोडा खाली आला. आणखी थोडा आला. तो कशाला येतोय ते मला कळलं. उबाल्दो, फिर मागे. इथे तुझं काही राहिलेलं नाही. ती वर खडकावर बसली असेल, फोडी हातात घेऊन.

तो थांबला. कान देऊन ऐकत असल्यासारखा बराच वेळ थांबला.

एक हाक मारावी असं फार वाटलं. पण मी ओरडले नाही. मग तो वळला.