खाडीला आवतण

आमच्या कोपरीतल्या आगऱ्यांच्या लग्नात भटाआधी धवलारीण लागते. धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायची आणि देवांना, घरातल्या मेलेल्या माणसांना नावानिशी मांडवात बोलवायचं, हे तिचं काम. चाळीस वर्षं ते मी करतेय. शाळा दुसरीपर्यंत, पण एवढ्या लग्नांत माझा एक देव चुकलेला नाही. माझ्या तोंडून ज्याला आवतण गेलं तो आला, असं गाव मानतं. मीही मानते.

त्यामुळे माझ्या नातवाच्या, दिपेशच्या लग्नात धवले मीच म्हणणार हे ठरलेलं होतं. अडलं ते खाडीपाशी.

आमच्या घराण्यात मांडवाची पहिली मेढ खाडीच्या चिखलात रोवतात. घमेलंभर चिखल नवऱ्याच्या बापानं स्वतः आणायचा, मग मी खाडीला बोलवायचं. आमचे वाडवडील मिठागरात राबले. तिनं पोसलं, तिला वगळून लग्न लागत नाही. आता नवऱ्याचा बाप म्हणजे माझा मुलगा परशुराम. आणि त्यानं दोन वर्षांत आमच्या खाडीकाठच्या खाजणातली तिवरं तोडून तिथं डंपरनं डेब्रिस ओतलं होतं. होणाऱ्या व्याह्यांच्या भागीत गोडाऊन बांधायचं होतं त्याला.

मी तेव्हाच सांगितलेलं. दर्या चढतोय, उन्हाळा माणसं मारतोय, हे मला टीव्हीवाल्यांनी सांगायला नको. माझ्या सासऱ्यांच्या वेळी मोठ्यात मोठी भरती जिथं थांबायची, तिथून आता ती धक्क्याच्या दोन पायऱ्या वर येते. मधे तिवरं होती म्हणून पाणी दमून यायचं.

"आये, सगळ्या जगाची काळजी आपणच करायची का?" तो म्हणाला. "त्या टॉवरवाल्यांना सांग ना."

"त्यांचं खाडीनं काही खाल्लेलं नाही. तू खाल्लंयस."

हसला आणि गेला.

लग्नाच्या आदल्या आषाढात अमावस्येच्या भरतीला, पावसाचा थेंब नसताना, खालच्या चाळीत पाणी शिरलं. तिथल्या कमलेशची आई लकव्यानं खाटेवर पडून होती, कमलेश ड्युटीवर. पाणी खाटेच्या वर चार बोटंच आलं. तिला तेवढं पुरलं. परशुरामानं तेराव्याला तांदळाची गोण पाठवली.

मांडवाच्या दिवशी सकाळी नऊलाच पत्र्याखाली बसवेना. डोंबिवलीहून व्याही आलेले, त्यांना दोन पंखे लावून दिले होते. मेढ आली, खड्डा झाला. मी पाटावर बसले. मागे झील धरायला माझी लेक दर्शना आणि चार बायका.

"परशा, चिखल आण."

"आये, तिथं आता चिखल कुठं राहिलाय. कुंडीतली माती चालंल ना?"

"तुझ्या बापाला विचार. थोड्या वेळानं बोलावतेच आहे त्याला."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तो घमेलं घेऊन निघाला. तास झाला तरी पत्ता नाही. माझी सून जया कानाशी आली. "आई, व्याही उकाड्यात बसलेत. नारळ ठेवून पुढं जाऊ या."

"तुझ्या नवऱ्यानं जिला गाडलं तिला लग्नाला ये म्हणायचं, ते कोणत्या तोंडानं? तू म्हण. तुझं तोंड कालच पार्लरातनं धुऊन आलंय."

परशुराम आला. घमेल्यात काळा ओला चिखल होता आणि पायातले बूट स्वच्छ. मी चिमूटभर जिभेवर ठेवला. खारट होता. पण खाडीचा खार मागाहून कडवट लागतो, हा नुसताच खारट.

"कुठल्या नर्सरीतली माती?"

त्यानं घमेलं खाली ठेवलं.

"आणि मीठ? घरातलं घेतलंस की दुकानातनं पुडा आणलास? मिठागरवाल्याच्या पोरानं खाडीच्या नावानं मातीत पुड्यातलं मीठ कालवलं."

व्याह्यांनी हातातला मोबाईल खाली ठेवला. परशुराम माझ्यासमोर उकिडवा बसला. "मजुरांनी तीन फूट खणलं, आये. फरश्या, थर्माकोल, संडासाची भांडी. चिखल लागतच नाही. मुलाचं लग्न आहे, माझी अब्रू नको घालवू."

"इथं सगळ्यांसमोर म्हण, पावसाआधी भराव उचलतो. मी आत्ता धवला सुरू करते."

त्यानं व्याह्यांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, आडवी.

"ते नाही व्हायचं," तो उठत म्हणाला. "तुला नसेल म्हणायचं तर डीजेवाल्याकडं पेनड्राइव्ह आहे. त्यात आहेत धवले."

"कशाला? म्हणते की."

आणि मी सुरू केलं. गावदेवी आली, एकवीरा आली. मग घरातले मेलेले. सासरे, माझे मालक, दोन दीर. एकेक नाव मी घ्यायचं, बायकांनी मागून म्हणायचं, या, मांडवात बसा. चौथ्यानंतर मी पाचवं नाव घेतलं. परशुराम.

झील अडकली. मी वळून दर्शनाकडं बघितलं. तिनं म्हटलं. मग चौघींनी म्हटलं.

जयानं मंगळसूत्र मुठीत धरलं. परशुराम घमेल्याशेजारी उभा होता. "आये, मी जिवंत आहे."

"ते गेले तरी मागं बांध ठेवून गेले, तिवरं ठेवून गेले. पुढच्यासाठी जो काही राखत नाही त्याला मी जित्यांत धरत नाही. देवासमोर खोटं बोलणं माझ्याच्यानं होत नाही."

खाडीला मी बोलावलं नाही. मेढ सिमेंटच्या डब्यात उभी केली. लग्न लागलं, जेवणं झाली, बिर्याणी चांगली होती म्हणतात.

धवल्यात घेतलेलं नाव धवलारीणच काढू शकते. त्याला आता कुणी हळदीला पुढं करत नाही. भांडत नाहीत, नुसते बाजूला सरकतात. पोरंसुद्धा त्याच्या हातचा पेढा खिशात टाकतात. त्याचं पान मी रोज गच्चीवर ठेवते, कावळ्यासाठी. जया त्याला ओट्यापाशी लपवून वाढते, ते मला दिसतं. मी काही म्हणत नाही. मेलेल्यालाही भूक असते.

दिवाळीनंतर त्यानं भागी मोडली आणि खाजणात पोकलेन लावला. काल संध्याकाळी अंगभर सिमेंटची धूळ घेऊन दारात उभा राहिला. छप्पन्न वर्षांचा माणूस, डोळे भरलेले.

"आये, निम्मं उचललं."

"मग कमरेपर्यंत जिवंत झालास," मी म्हटलं. "पायरीवर बस. आत नको."