पहिलं की दुसरं

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, त्यांनी नेहमीसारखा पुठ्ठ्याचा चष्मा माझ्या हातात दिला. एका डोळ्यावर लाल पारदर्शक कागद, दुसऱ्यावर निळा.

"बस. पहिलं की दुसरं?"

संगणकाच्या पडद्यावर मंगळावरची टेकडी होती. फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये चाळीस वर्षं काढल्यावर बाबांनी निवृत्तीत हा उद्योग मागे लावून घेतला होता. मंगळावर फिरणाऱ्या गाडीचे फोटो कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. गाडीला माणसासारखे दोन डोळे. डाव्याचा फोटो लाल, उजव्याचा निळा करून एकमेकांवर बसवले, की चष्म्यातून दगड उठून दिसतात. अदलाबदल झाली तर टेकडीचा खड्डा होतो.

डावं-उजवं फाइलच्या नावातच लिहिलेलं असतं. पण स्टुडिओत एकदा दोन लग्नांची पाकिटं बदलली होती, तेव्हापासून बाबांचा नियम होता: पाकिटावरचं मानायचं नाही, डोळ्यांनी बघायचं. म्हणून ते दोन्ही तऱ्हांनी जोडत, बरोबर असेल ते ठेवत आणि दुसरं पुसून टाकत. त्यांचा एक डोळा काचबिंदूने गेलेला. त्यामुळे बघायचं काम माझं.

आणि मला त्यातलं काहीच उठून दिसत नव्हतं. तिशीत नंबर काढायला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "डावा डोळा लहानपणापासून आळशी आहे, दोन्ही डोळे मिळून बघत नाहीत. पाचव्या वर्षी पट्टी बांधली असती तर सुधारला असता." जन्मभर लोकांचे चेहरे निरखणाऱ्या माणसाला, तुम्हाला स्वतःच्या मुलीचा डोळा कळला नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

"दुसरं," मी ठोकून दिलं.

"नक्की? टेकडी वर येतेय?"

"अंगावर येतेय, बाबा."

"झालं तर! प्रूफं तपासणारी मुलगी आहे माझी. तिच्या नजरेतून काय सुटणार!" त्यांनी पहिलं पुसून टाकलं. मग म्हणाले, "जाताना कचऱ्याची पिशवी घेऊन जा, आणि विसरलीस तर फोन करून सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी, बूट घालता घालता, त्यांचं हृदय थांबलं.

महिन्याभराने त्यांचे शाळासोबती ग्रंथपालकाका यांनी वाचनालयाच्या मधल्या खोलीत बाबांचे एकतीस फोटो मांडले. लोक सोमवारी बघायला येणार होते. काकांनी चष्मा चढवला आणि पहिल्याच फोटोपाशी थबकले.

"अगं, हा डोंगर आत का गेलाय?" ते पुढे सरकले. "हा बरोबर. हा उलटा. हाही उलटाच."

मी खिडकीपाशी उभी होते. काकांनी हळूच चष्मा काढला.

"शेवटी शेवटी विसरायला लागला होता का गं?"

"बाबांनी जिथून उतरवले तिथे मूळ डावे-उजवे फोटो तसेच आहेत, काका," मी म्हटलं. "फाइलची नावं बघून मी सगळे पुन्हा जोडते. रविवारपर्यंत होतील."

"एकतीस? उगाच जिवाला त्रास. चष्मेच ठेवू नकोस, नुसतं बघून कुणाला कळतंय!" त्यांनी टेबलावरचा कागद ओढला आणि वळणदार अक्षरात लिहून माझ्यापुढे धरला. "तू प्रूफवाली, बघ जरा."

'हे काम उतारवयात, थकल्या नजरेने केलेलं आहे. चुका पोटात घालाव्यात.'

ऱ्हस्व-दीर्घ सगळं नीट होतं. काका चिकटपट्टी शोधायला खणात हात घालत होते. सापडली असती तर कागद भिंतीवर गेला असता, आणि मी एका शब्दानेही न बोलता घरी जाऊ शकले असते. बाबांच्या नजरेवर ती चिठ्ठी सोमवारपासून राहिली असती.

"काका, ते लावू नका."

"का गं? प्रेमानेच लिहिलंय."

"माहीत आहे. पण चूक बाबांची नाही. ते दर वेळी विचारायचे, पहिलं की दुसरं, आणि मी सांगेन तेच ठेवायचे." मी कागद टेबलावर उलटा ठेवला. "मला टेकडी वर आलेली कधीच दिसली नाही, काका. एकही नाही. मी अंदाजाने सांगत होते."