उसनी गाय

मयूरी त्या रविवारी गंजाडला पोचली तेव्हा तिचे बाबा गोठ्यात उकिडवे बसून मोगरीच्या शिंगाच्या मुळातून अळ्या काढत होते. २०१७चा श्रावण संपत आला होता. पाऊस अधूनमधून उघडत होता, आणि असल्या दिवसांत जनावराला नखाएवढं खरचटलं तरी माशी बसते. मोगरी ही कळपातली पुढली गाय. रानात कुठेतरी तिचं शिंग हिसकलं होतं. बाबा एकेक अळी चिमटीत धरून बाहेर ओढत, शेजारच्या राखेत टाकत आणि पुन्हा बोट आत घालत. पू मनगटापर्यंत ओघळला होता.

"आलीस? जरा दावं धर हिचं."

मयूरी दारातच थांबली. ओढणीचं टोक नाकाशी गेलं होतं.

"बाबा, यावर फवारा मिळतो हो."

"आणलाय. तो शेवटी मारायचा. आत एक जरी राहिली ना, तर वरून खपली धरते आणि खालून डोकं पोखरतं." त्यांनी मान वर न करताच विचारलं, "तुझ्या लायब्ररीत पुस्तकाला कसर लागली तर हात लावतेस की नाही?"

"पुस्तकाला पू होत नाही."

"मग कसली पुस्तकं वाचता तुम्ही लोक!" म्हणून ते स्वतःच्याच विनोदावर हसले.

दावं शेवटी आईने, चंद्रावतीने, येऊन धरलं.

मयूरी छत्तीस वर्षांची, डहाणू रोडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. रोगराईची, युद्धांची, प्रेतांच्या ढिगांची वर्णनं तिने जेवताजेवता वाचली होती. पण बाबांचे हात तिला सोसत नसत. ही गोष्ट तिने नवऱ्याला सांगितली नव्हती, आईला तर नाहीच. शाळेत असताना वर्गातल्या मुली तिचं दप्तर हुंगून नाकं मुरडायच्या, तेव्हापासून ते होतं. वय वाढलं, वाचन वाढलं, पण ते काही गेलं नाही. नखांच्या कडेचा तो हिरवट-काळा मळ, भेगांत मुरलेलं शेण. घरी तिच्या पानात भाकरी पडली की आधी ती कोणी थापलीय ते ती बघायची.

आणि त्याच हातांना एक कसब होतं. बाबा शिवणीच्या लाकडातून गुरांच्या गळ्यातल्या घंटा कोरत. पार तलासरीपासून माणसं मागायला येत. दुपारी राखेने नि साबणाने हात धुऊन ते ओट्यावर बसले आणि पटाशीने एका ठोकळ्याचं पोट पोखरू लागले. चार घाव झाले की ठोकळा कानाशी धरायचा, बोटाने टिचकी मारायची, पुन्हा चार घाव. घरच्या नऊ गुरांच्या नऊ घंटा, एकीचा आवाज दुसरीला नाही. संध्याकाळी कळप टेकडीवरून उतरताना कोण पुढे आहे, कोण मागे रेंगाळलंय, हे ते डोळे मिटून सांगत.

तीनच्या सुमाराला त्यांनी स्वतः चहा केला आणि कप तिच्यासमोर धरला. अंगठा काठाच्या आत होता.

"आत्ताच घेतला हो मी, आईकडून," ती म्हणाली.

बाबांनी कपाकडे बघितलं, मग अंगठ्याकडे. "बरं," म्हणाले आणि तो चहा स्वतःच पिऊन टाकला. चारच्या जीपने मयूरी परतली. एवढाच तो दिवस, बाकीच्या शंभर रविवारांसारखा.

सोमवारी संध्याकाळी नऊ घंटा वाजत घरी आल्या. बाबा आले नाहीत. टेकडीच्या उतारावर ऐनाच्या झाडाला टेकून बसलेले सापडले, दम खायला बसावं तसे. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

जतीन, मयूरीचा धाकटा भाऊ, वापीच्या कंपनीतून सुट्टी काढून आला. माणूस वाईट नव्हता. विधी, भटजी, मांडव, सगळं त्याने एकट्याने उभं केलं. मोगरीचंही त्यानेच बघितलं, म्हणजे बाटलीच्या झाकणाला भोक पाडून चार हात लांबून फिनेलची धार सोडली आणि वर फडकं बांधलं. दोन दिवसांनी फडकं उचकून बघितलं, तर जखमेवर छान खपली.

"बघ ताई, सुकली. बाबा उगाच बोटं घालत बसायचे."

मयूरीला बाबांचं बोलणं आठवत होतं, शब्दन् शब्द. पण जखम उघडायची तर कोणाला तरी बोट घालावं लागलं असतं. ती म्हणाली, "हो, सुकलेली दिसते."

दहाव्या दिवशी मोगरीने गवत सोडलं. मान एका बाजूला कलली. बाराव्याला वास ओट्यापर्यंत आला. गुरांचे डॉक्टर तलासरीकडे लसीकरणाला गेले होते, परवा येणार होते. जतीनने तिला न्हाणीघराच्या मागे नेऊन आंब्याला आखूड बांधलं.

तेराव्याला माणसं जमली. किनाऱ्यावर रिसॉर्ट बांधणारे दिपेशभाई आले आणि खुर्चीत बसून बाबांच्या घंटा उलटसुलट करून बघू लागले.

"तमारा फादर तो कलाकार होते, बेन! खालून भोक पाडून आत बल्ब सोडला ना, जेवणाच्या टेबलावर एक नंबर दिसेल. नऊच आहेत? मला वीस लागतील."

त्या नऊ घंटा जतीनने आदल्याच दिवशी गुरांच्या गळ्यातून काढून, साबणाच्या पाण्यात बुडवून ब्रशने घासल्या होत्या.  

माणसांची पानं वाढण्याआधी गोग्रास द्यायचा असतो, गेलेल्याच्या नावाने गाईला पहिला घास. जतीन अंगणात आला तो एक पांढरीशुभ्र गाय घेऊन, गळ्यात झेंडू, कपाळाला कुंकू.

"ही कोणाची?" मयूरीने विचारलं.

"बायजीमावशीची. तासाभरासाठी मागून आणली." त्याने आवाज खाली आणला. "मोगरीला पुढे आणलं तर माणसं पानावरून उठतील, ताई."

बाबांना भाऊ मानणारी शेजारची बायजी पदराने वारा घेत उभी होती. "मी कशाला नाही म्हणू? पण चाळीस वर्षं गुरं राखली माझ्या सदूभाऊने, आणि त्याच्या वाटचा घास मागून आणलेल्या गाईला! बघा बाई, शिकलेली माणसं तुम्ही."

 बायजीच्या गाईने वडे, भात, खीर, सगळं दोन मिनिटांत चाटूनपुसून खाल्लं. जतीनने मोबाईलवर फोटो काढला. पंगत बसली. खिरीवर माशा घोंगावत होत्या, कोणीतरी अजून दोन वडे मागितले, दिपेशभाईंनी रुमाल नाकाला लावून विचारलं, "गटर छे का पीछे?"

मयूरीला सगळ्यांचीच शिसारी आली. खाणाऱ्या तोंडांची, त्या झेंडूच्या माळेची, जतीनच्या इस्त्रीच्या शर्टाची. आणि ही शिसारी आपल्या चांगलीच ओळखीची आहे, हे कळायला तिला क्षणही लागला नाही. जतीनने बाराव्या दिवशी मोगरीचं जे केलं, ते ती तीस वर्षं बाबांचं करत आली होती.

ती न्हाणीघरामागे गेली. मोगरीने डोळा तिच्याकडे वळवला, मान वळवता येत नव्हती. मयूरीने फडकं सोडलं, खपली नखाने उचकली. आत सगळं वळवळत होतं. ती बाजूला वळून ओकली, तोंड पुसलं आणि बोट आत घातलं. गरम होतं. पहिली अळी चिमटीतून निसटली. दुसरी आली. तिसरी, चौथी. पू मनगटावरून काचेच्या बांगड्यांत गेला.

गाय हंबरली तशी पंगतीतली माणसं उठून आली, खरकट्या हातांनी. पुढे जतीन, मागे आई.

"ताई, हात काढ बाहेर! लोक जेवतायत. तुला किळस नाही येत?"

"येते." तिने हात काढला नाही. आवाजही चढवला नाही. "मला बाबांचीसुद्धा यायची, जतीन. त्यांच्या हातांची. आई, तूही ऐक. त्यांनी दिलेलं काही माझ्या घशाखाली उतरायचं नाही. लहान होते तेव्हापासून. दर वेळी मी काहीतरी खोटं सांगायचे, आणि ते खोटं आहे हे त्यांना दर वेळी कळायचं."