तेरावी ज्यूरर

वेरा एकसष्ट वर्षांची. आमच्या जवळच्या बॉथेल गावात स्वतःच्या घरी सहा लहान मुलं सांभाळायची. त्यातल्या दोन वर्षांच्या एका मुलीचा हात तिने रागाने पिरगळून मोडला, असा आरोप होता. ज्यूरीत, म्हणजे इकडे खटल्याचा निकाल द्यायला बोलावतात त्या साध्या नागरिकांत, आम्ही तेरा जण. निकाल बाराच जणांनी द्यायचा. तेरावा राखीव, मध्येच कुणी आजारी पडलं तर. तो कोण, हे शेवटी चिठ्ठी काढून ठरणार होतं.

माझी मुलगी, मैत्री, तीही दोनच वर्षांची. पहिल्या दिवशी मी वेराचे हातच बघत बसले, आणि मैत्रीच्या डेकेअरमधल्या बायकांचे हात आठवायला लागले. मनातून निकाल देऊन मोकळी झाले होते, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी वेराच्या दारावरच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ दाखवला. हात मोडला त्याच दिवशी सकाळी बाप मुलीला सोडायला आलाय, वेरा तिला घ्यायला वाकलीय. अकरा सेकंद. मुलीने कडेवर जायला एकच हात वर केला. दुसरा जॅकेटच्या बाहीत तसाच लोंबत राहिला. मैत्री दोन्ही हात वर करते, हातात बिस्किट असलं तरी. म्हणजे हात आधीच दुखावलेला होता? की पोर नुसती झोपेत होती?

त्यानंतर डॉक्टरची साक्ष होती. ज्यूररने साक्षीदारासाठी प्रश्न लिहून दिला तर चालेल, असं जजनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. मी लिहिला: हात त्या सकाळच्या आधीच मोडलेला असू शकतो का? मग वाटलं, एवढे वकील आहेत, त्यांना दिसलं नसेल? जजनी तो बाजूला ठेवला तर? शाळेपासूनची सवय, विचारायचं तर शहाण्यासारखं. म्हटलं, आत चर्चेला बसू तेव्हा सांगू. कागद पर्समध्ये टाकला.

चिठ्ठी निघाली ती माझी. केस संपेपर्यंत कुणाशी बोलू नका, असं सांगून मला घरी पाठवलं. आणि मला आधी हायसंच वाटलं; मैत्रीला बारीक ताप होता. पार्किंगमध्ये पोचल्यावर पर्समधला तो कागद आठवला, तशीच मागे पळाले. दारातल्या कोर्टाच्या माणसाने नम्रपणे अडवलं. आता काहीही ऐकून घेता येणार नाही, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोर्टातून फोन आला. गिल्टी. आता तुम्ही बोलायला मोकळ्या आहात.

नवऱ्याला, भूषणला, सगळं सांगितलं. "अगं, बारा जणांनी ठरवलंय. तू कशाला लावून घेतेस?" म्हणाला. मग त्यानेच वेराच्या वकिलाचा नंबर शोधून दिला.

वकीलबाईंनी मध्ये न बोलता ऐकलं. फेरसुनावणीसाठी अर्ज करून बघू म्हणाल्या, पण व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेला, आशा कमी. मग विचारलं, "तुम्ही प्रश्न का नाही दिलात?" रागावून नाही, खरंच कळत नसल्यासारखं. नंतर बोलता येईल असं वाटलं, एवढंच मला सांगता आलं.

फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं,

"वेराला सांगू का, एकीला तरी दिसलं होतं म्हणून?"

मी नको म्हणाले.