सगळ्या सिस्टरांचा एक कान

बसा असे जवळ. एका सिस्टरची गोष्ट सांगतो. गोड नाही, आधीच सांगतो. ऐकून उठलात तरी पाठ सोडणार नाही.

एका दवाखान्यात साहेबांनी यंत्र आणलं. सिस्टरांना ताण फार, म्हणे. कानाच्या पाळीला चिमटा लावायचा, समोर पडद्यावर एक गोळा वर जातो, खाली येतो. वर जाताना श्वास घ्यायचा, खाली येताना सोडायचा. काळजाचे ठोके त्या तालावर आले की दिवा हिरवा, नाहीतर लाल. यंत्र वाईट नव्हतं बरं का! दोघीचौघींना त्यानं सुखाची झोप लागायला लागली.

पण एका सिस्टरला, तिला सगळे चिमणी म्हणत, तो गोळा बघवेना. मागं एका दुपारी दोन वॉर्डांना ती एकटीच होती. इकडे एकाला रक्त चढवत होती, तिकडे खिडकीजवळचे आजोबा हाका मारून थकले. ती पोचली तेव्हा शेवटचे श्वास चालले होते. एक श्वास. मग वाटावं, संपलं. मग पुन्हा एक. पडद्यावरचा गोळा त्याच चालीनं चालायचा. खाली आला की तिला वाटे, आता हा वर येत नाही.

घरीही तेच. सासूबाईंचा खुर्चीत डोळा लागला, श्वास संथ झाला, की ही धावत जाऊन गदागदा हलवायची.

"अगं, जिवंत आहे मी! पण अशी हलवत राहिलीस तर खरंच जाईन!"

दिवा लाल लागला की मेट्रनबाईंचं तोंड सुटायचं. "इतकं नाजूक माणूस नोकरीत कायम कसं करायचं गं?" नवऱ्याचं काम सुटलेलं, घर हिच्या नोकरीवर. काय करेल?

वॉर्ड झाडणाऱ्या मावशी होत्या. त्या यंत्रापुढं बसल्या की दिवा हिरवागार. जन्मात कधी घाई केली नव्हती त्या बाईनं! मग एकेक सिस्टर आपली वेळ आली की चिमटा मावशींच्या कानाला लावायला लागली.

"लावा गं लावा," मावशी म्हणायच्या, "फक्त कान परत द्या."

चिमणीनंही लावला.

आजोबा गेल्यावर दुपारसाठी दुसरी सिस्टर द्यायचं ठरलं होतं. एक दिवस मेट्रनबाई हसत आल्या. "सगळ्या हिरव्या! साहेब म्हणाले, इतक्या शांत आहेत तर दोन वॉर्डांना एक पुरते. दुसरी कशाला?"

म्हणजे दुसरी सिस्टर घालवली ती मावशींच्या कानानं, हे चिमणीच्या ध्यानात आलं.

घरी सासूबाईंनी नेहमीचं ऐकवलं, "सोसायचं असतं गं. बाईच्या जातीला सोसावंच लागतं."

"मी सोसलं असतं हो आई. पण मी गप्प सोसत बसते आणि मरतं दुसरंच कुणीतरी."

सासूबाई म्हणाल्या, "बोललीस तर नोकरी जाईल."

"जाईल."

"उद्याचा डबा मी करते. तू नीट जेवून जा."

दुसऱ्या दिवशी साहेब यंत्र बघायला आले. चिमणीनं चिमटा स्वतःच्या कानाला लावला. गोळा खाली आला आणि तिला खिडकीजवळची खाट दिसली. दिवा लाल.

"श्वास घे की नीट!" मेट्रनबाई दातओठ खात म्हणाल्या.

"नीटच घेतेय. हा लाल माझा आहे. हिरवे सगळे मावशींचे."

साहेब हळूच म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला कायम व्हायचंय ना?"

"व्हायचंय साहेब. पण दोन वॉर्डांत एकटीनं नाही. यंत्र राहू द्या, चांगलं आहे. आधी माणूस द्या."

ती कायम झाली नाही. दुसऱ्या सिस्टरचं अजून 'बघू' चाललंय. आणि चिमणी आजही निजलेल्या माणसाजवळून जाताना थबकते, पुढचा श्वास येईपर्यंत.

तुमच्याकडे एक मागणं आहे. उद्या तुमचं माणूस खाटेवर असेल, हाक मारून सिस्टर येणार नाही, तुमचा आवाज चढेल. चढू द्या. पण धापा टाकत आलेल्या त्या पोरीवर नको. साहेबाच्या दारात जा आणि तिथं ओरडून विचारा, "ही एकटी का आहे?" एवढं कराल?